हंसांच्या पट्टीचं बोघणं

भाऊजींची दुसरी उलटी हिरवी आली.

गाडी नदीच्या उतारात होती. उतार वाईट, म्हणून किसन खाली उतरून बैलांची वेसण धरून चालत होता. पुढे त्याची आई सरूबाई बसली होती, मागे मी. एका बाजूला भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आणि दुसऱ्या बाजूला किसनची बायको शांता. भाऊजींनी फळीवरून मान बाहेर काढली आणि ओकले. फळीला जे लागलं ते मी नीट पाहिलं. पित्त पिवळट हिरवं असतं. हे निळसर होतं. माझं सगळं आयुष्य तांबटाच्या घरात गेलं आहे. हा रंग मी न घासलेल्या घागरीच्या काठाखाली पाहिला आहे, समईच्या सांध्यात पाहिला आहे. आम्ही त्याला जंगाल म्हणतो. भांड्यावर असेल तर चिंचेने निघतो.

शांताला सातवा महिना होता. गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती पडली होती. थोड्या थोड्या वेळाने विचारत होती, "मावशी, पोटातलं हालून नाही राह्यलं, काऊन?"

"हालतंय. गप्प पड."

मला काही ठाऊक नव्हतं. मी तिच्या पोटावर हात ठेवलाच नव्हता. ठेवायची हिंमत होत नव्हती.

मेहकर अजून एक कोस होतं. पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं बोघणं, म्हणजे रुंद तोंडाचं मोठं पातेलं, होतं. गाडीच्या दर धक्क्याला ते वाजत होतं, आणि फार गोड वाजत होतं.

मलकापूर

आता पहिल्यापासून सांगते.

आमचं भांड्यांचं दुकान नाशकात. गिऱ्हाईक जुनं फुटकं भांडं आणतं, आम्ही ते मोडीत घेतो आणि नवं देतो. मोड भट्टीत जाते. त्या ढिगातून चांगलं काम मी आधी बाजूला काढते. जुना लामणदिवा, घंटा, हत्तीच्या पाठीवरची निरांजनं, ओतीव देव. लोक म्हणतात म्हातारीला देवाचं वेड आहे. तसं काही नाही. आता कोणाला तसं काम येत नाही, आणि वितळवल्यावर ते परत मिळत नाही, एवढंच. आमच्या पोरांनी ते पाहावं आणि निदान त्याची नक्कल करावी म्हणून मी ठेवते. माझ्या खोलीत झोपायला जागा उरलेली नाही.

नाशकात निवडण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. वऱ्हाडात अजून माळ्यांवर पडलं आहे असं ऐकलं, म्हणून दिवाळी झाल्यावर नव्या भांड्यांच्या दोन गोण्या घेऊन आम्ही दोघं निघालो. आमचा मुंबई इलाखा संपून वऱ्हाड कधी लागलं ते मला खिडकीतून कळलं नाही. जमीन काळी झाली आणि स्टेशनावरचा चहा पांचट झाला, तेवढा फरक.

भाऊजींविषयी सांगायला हवं. त्यांचा हात आळीत सगळ्यात चांगला होता. पण पन्नास वर्षं तांबं ठोकून कान गेले होते. तांबटआळीत साठीच्या पुढच्या पुरुषाशी कोणी हळू बोलत नाही. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर त्यांना ऐकू येई. त्यामुळे धातू वाजवून ओळखायचं काम माझ्याकडे आलं होतं. नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं. पितळ बोलतं आणि थांबतं. कासं बोलत राहतं. माझा कान चुकत नाही असं मी सांगत असे, आणि लोक ते मानत.

मलकापुरात ज्यांच्याकडे उतरलो तिथल्या बाईने ताटात भाकर, ठेचा आणि जवसाची चटणी वाढली. चटणीवर कच्च्या तेलाची धार. मी तेल बाजूला सारलं.

"काऊन व मावशी, तेल नाई खात?"

"आमच्याकडे कच्चं नाही खात."

"मंग हाडं कशानं चालतात तुमची?"

भाऊजींना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझं तेलही आपल्या चटणीत ओढून घेतलं. त्यांना खाण्याची मनापासून आवड होती. त्या घरी आम्हाला साखळीचा एक लामणदिवा मिळाला. त्याच्या टोकाला पोपट होता, चोच झिजलेली. बदल्यात मी दोन घागरी दिल्या.

रोहिणखेड आणि घाट

रोहिणखेडला जुनी दगडी मशीद आहे. भाऊजी तिच्या भिंतीवरचं कोरीव काम बराच वेळ बघत उभे राहिले. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "वहिनी, हा माणूस आपल्यापेक्षा शहाणा. दगड ठोकला. भांडं ठोकलं असतं तर कोणीतरी मोडीत घातलं असतं."

तिथल्या एका म्हाताऱ्या कुणबिणीच्या देव्हाऱ्यात विष्णूची वीतभर मूर्ती होती. नाकडोळे झिजून गेलेले, एक हात मोडलेला. मोडका देव घरात ठेवू नये म्हणून ती नदीत सोडायच्या विचारात होती. मी मागितली. ती म्हणाली, "देव इकत नसतात, माय. पन वाटे लावतात." तिने देवाला हळदकुंकू वाहिलं, शिदोरी म्हणून मूठभर तांदूळ नि सुपारी फडक्यात बांधली आणि देव माझ्या ओटीत घातला. मी नवं तपेलं पुढे केलं तर घेईना. शेवटी म्हणाली, "तिथं उंबऱ्यापाशी ठिव. मी पाह्यलं नाई." आमच्याकडे मोडका देव पाराखाली टाकून लोक मोकळे होतात. हिची रीत मला बरी वाटली.

बुलढाण्याकडे चढताना घाटात आमची एक गोणी उसवली. सोळा नवे तांबे घाटातून खाली घरंगळत गेले. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी हसत हसत गोळा करून दिले. एक सापडला नाही. बाकी सगळ्यांना पोचे आले होते. भाऊजी एकेक तांब्या हातात फिरवून बघत होते.

"पितळ म्हणून पोचे तरी आले," ते म्हणाले. "काशाचे असते तर फुटून खापऱ्या झाल्या असत्या. कासं वाकत नाही, वहिनी. फुटतं."

हे मला माहीत होतं. आमच्या घरातल्या पोरालाही हे माहीत असतं. इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे.

मेहकर

मेहकरात बालाजीचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर एक म्हातारे कल्हईवाले चाचा भाता घालून बसले होते. आपल्या धंद्याचा माणूस दिसला की भाऊजी तिथून हलत नसत. चाचा परातीत नवसागर टाकून कापसाने पुसत होते, आणि कथिल आरशासारखं पसरत होतं. काम स्वच्छ होतं. मी तसं सांगितलं.

मी भांडं वाजवून धातू ओळखते हे ऐकून ते हसले. "अम्मा, कानाचं काई खरं नाई. काठ जाड ओतला का पितळ बी गाते. एका जागी कानस मारा अन् आतला रंग पाहा. डोळ्याले धोका नाई होत."

"जुन्या कामावर कानस मारून ओरखडा पाडू? मग ते घेऊन काय करू?"

"मंग नका मारू. मर्जी तुमची."

भाऊजींनी विचारलं, काय म्हणतात? मी त्यांच्या कानात ओरडले, "कल्हई चांगली करतात म्हणतात."

सरूबाईचं घर

मेहकरपासून दोन कोसांवर पैनगंगेकाठी एक खेडं आहे. तिथे सरूबाई नावाच्या विधवा बाईकडे जुनं भांडं आहे असं देवळात कळलं. घरात ती, तिचा मुलगा किसन आणि सून शांता. जमीन थोडी, मिरची नि वांग्याचा मळा. आम्ही रविवारी पोचलो. किसनने माळ्यावरून ते बोघणं उतरवलं. त्यात बियाण्याची ज्वारी होती. बाहेरून काजळी, आत कळकट थर.

मी अंगणात बसून चिंच आणि विटेची पूड घेऊन ते घासायला लागले. दुपारपर्यंत घासलं. काठाखाली पट्टी निघाली. एकामागे एक हंस, प्रत्येकाच्या चोचीत कमळाचा देठ, आणि एकाचीही मान दुसऱ्यासारखी नाही. दोन्ही कड्यांवर मोर. माझ्या खोलीतल्या कुठल्याही वस्तूला याची सर नव्हती. मी टिचकी मारली. आवाज निघाला आणि लांबत गेला. मी मनात अंक मोजले तरी थांबेना.

"कासं," मी म्हटलं.

एवढं मोठं, असं काम केलेलं काशाचं बोघणं मी पाहिलं नव्हतं. ते काशाचं असावं असं मला फार वाटत होतं. ही गोष्ट मी आज लिहिते. त्या दिवशी ती मी स्वतःलाही सांगितली नाही.

भाऊजींनी बुडाशी अंगठा फिरवला. "वहिनी, इथे पोचा आहे. काशाला पोचा येतो का?"

"ओतताना राहिलेला खळगा असेल."

"रंगही पिवळा वाटतो."

"तुम्हाला आवाज ऐकू येतो का?" मी त्यांच्या कानात ओरडले. "नाही ना? मग गप्प बसा. कासं आहे."

त्यांनी बुडावरून अंगठा काढला. सरूबाई हसली. "मावशी, भाचे घाबरले झाडावरचे तुमच्या आवाजानं." तिकडे पोपटांना राघू म्हणण्याऐवजी भाचे म्हणून चिडवतात, कारण ते मिरची मागायला येतात.

दोन परातींच्या आणि एका हंड्याच्या बदल्यात बोघणं ठरलं. पण त्यांच्याकडे एक रीत आहे. रिकामं भांडं घराबाहेर काढत नाहीत. शेजारणीची वाटी परत करतानाही तीत चिमूटभर साखर तरी घालतात. आणि हे तर सासूच्या सासूचं भांडं, लग्नाकार्यात त्यातच कढी व्हायची. सरूबाई म्हणाली, "उद्या त्यात गोळ्याची कढी करू. पाहुन्यायच्या पोटात जाऊ द्या, मंग ते तुमचं."

आमच्या कढीत गूळ असतो हे ऐकून शांताला हसू आवरलं नव्हतं. "गूळ टाकल्यावर ते कढी कायची, मावशी? खीर म्हना." तिची कढी आंबट ताकाची, त्यात तुरीच्या डाळीचे गोळे. भाऊजी ते बोलणं ओठांवरून बरोबर समजले. तेवढं त्यांना समजत असे.

सोमवारी सकाळी चूल पेटवण्याआधी सरूबाईने बोघण्यात डोकावून मला विचारलं, "मावशी, यात कल्हई नाई. चालन का?"

कल्हई असली तर ती मीच कालच्या घासण्यात काढून टाकली होती. मी म्हटलं, "काशाला कल्हई लागत नाही."

किसन भाकर बांधून मळ्यात गेला. कढी झाली तेव्हा जेवायला वेळ होता, आणि गावात दुसऱ्या एका घरी समई आहे असं कळलं होतं. मी भाऊजींना तिकडे घेऊन गेले. समई साधी निघाली. त्यात दुपार झाली. कढी त्याच बोघण्यात चुलीच्या कडेला राहिली. सरूबाईला आणि मला सोमवारचा उपास होता. संध्याकाळी उपास सोडताना आम्ही तीच कढी खाणार होतो.

भाऊजी जेवायला बसले. चार वाट्या कढी प्यायले. म्हणाले, "चव जरा तुरट आहे, पण झकास." मग राहिलेल्या कढीतली थोडी घेऊन शांता जेवली. सगळ्यांचं झाल्यावर सुनेने जेवायचं, ही रीत तिकडे तशी आमच्याकडेही. तिच्या वाट्याला बुडाशी बसलेली दाट कढी आली, सगळ्यात जास्त वेळ भांड्याला लागून राहिलेली.

तासाभरात शांता परसात ओकायला लागली. आम्ही म्हटलं, दिवसांचं आहे. मग भाऊजी ओकले. मी उठून बोघण्यात पाहिलं. उरलेली कढी काठाशी वाळली होती, आणि वाळलेल्या कडेला हिरवी रेघ होती.

सरूबाई माझ्या मागे उभी होती. "मावशी, म्या इचारलं होतं तुमाले."

"हो. विचारलं होतंस."

ती तशीच वळली. किसनला मळ्यातून बोलवायला धावली. बोघणं मी बरोबर घेतलं. डॉक्टरला दाखवायला लागेल असं वाटलं.

पुन्हा मेहकर

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं?

"कढी. बिनकल्हईच्या पितळेत."

पितळ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. किसनने माझ्याकडे पाहिलं. गाडीत चढताना मी त्याला कासंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा बलक दुधात फेटायला सांगितला. तो पोटातला जंगाल धरून ठेवतो म्हणाले. शांता नाक दाबून प्यायली. भाऊजींनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय आहे, वहिनी?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "दूध आहे."

ते प्यायले. एका दिवसात दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या शब्दावर भांडं तोंडाला लावलं होतं.

शांताची नाडी लागत नव्हती. तिचे पाय गार पडले होते. सरूबाई आणि मी दोघी दोन तळवे घेऊन चोळत बसलो. मी थांबले की सरूबाई माझ्याकडे पाही, आणि मी पुन्हा चोळू लागे. मी सगळी काळजी त्या मुलीची केली. तिला काही झालं असतं तर दोन जीव गेले असते, आणि मी त्या घरच्या पाहुणचाराला आलेली. भाऊजी ओकून मोकळे झाले होते. कोपऱ्यातल्या खाटेवरून ते मला हाताने खूण करत होते, मी ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांता म्हणाली, "मावशी, हाललं." मी तेव्हा हात ठेवला. खरंच हाललं. सरूबाई भिंतीकडे तोंड करून रडली.

भाऊजी उठून बसले होते. चहा मागितला. मला म्हणाले, "कढी चांगली होती हो, वहिनी. भांडं वाईट." आणि मोठ्याने हसले. बाकीचे रोगी दचकले.

कल्हईवाल्या चाचांना बातमी लागली होती. ते ओसरीवर आले. बोघणं मांडीवर घेऊन त्यांनी कानस काढली नाही. बुडाचा पोचा शोधला आणि त्यात अंगठा ठेवला. मग भांडं तसंच खाली ठेवून आत गेले आणि भाऊजींच्या खाटेशी बसले. दोघांनी खाणाखुणांनी बराच वेळ कथिलाच्या गोष्टी केल्या. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, हे लघवीला कधी गेले? मला आठवेना. मी भाऊजींना विचारलं. एवढ्या माणसांत ते मला ओरडून विचारावं लागलं. त्यांनी मान हलवली. कालपासून नाही.

बुधवारी त्यांचं तोंड सुजलं. गुरुवारी ते मला ओळखत होते, पण आळीतल्या पोरांची नावं घेऊन हाका मारत होते, ठोका हलका मार म्हणून सांगत होते. शुक्रवारी शांताला घरी न्यायला किसनने गाडी आणली. ती जाताना त्यांच्या पाया पडली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाडी गेल्यावर दुपारी ते गेले. किसन शांताला घरी सोडून तसाच परत आला आणि त्याने खांदा दिला. चाचा नदीपर्यंत मागून चालत आले.

मी एकटी नाशकाला परत आले. पोपटाचा दिवा आणला, विष्णू आणला, आणि बोघणंही आणलं. पोरं म्हणाली, वितळवून टाकू. मी नको म्हटलं. हंसांच्या माना अजून कोणाला साधलेल्या नाहीत. मी त्याच्यावर कानस मारून घेतली आहे, आणि तो ओरखडा पुढच्या बाजूला ठेवला आहे.

फाल्गुनात सरूबाईचं कार्ड आलं, किसनने लिहिलेलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, नवीन पराती चांगल्या निघाल्या. बाकी काही नाही.

त्या भांड्यातली कढी दोघांनी खाल्ली होती. शांता वाचली.